कोलूतली एका पायाची गवळण

माझा गळा फार गोड होता, असं कुंभकोणातल्या काही म्हाताऱ्या बायका अजूनही सांगतात. तो तसा कधीच नव्हता. लहानपणी मला गाणं शिकवायला येणारे वाध्यार थोड्याच दिवसांत आईला म्हणाले होते, "हिला शिवण शिकवा." कावेरीच्या काठी, जिथे दारावर येणारा भाजीवालासुद्धा सुरात ओरडतो, तिथे माझ्यासारखी बेसूर पोर जन्माला यावी हा आमच्या घराण्याला मोठा धक्का होता. पण विसाव्या वर्षी माझ्या मानेत गाठ निघाली, मद्रासला नेऊन मानेवर किरण सोडले, आणि परत आले तेव्हा आवाज घोगरा झालेला. झालं! गल्लीभर हळहळ पसरली. "काय गळा होता हो पोरीचा!" मीही कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही. फुकट मिळालेली कीर्ती परत करण्याइतकी मी थोर नव्हते, आजही नाही.

ही गोष्ट १९५०च्या दशकातली. आम्ही तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आलेल्या मराठी घरांपैकी. दरबार कधीच गेला, आम्ही राहिलो. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठीही आमच्यासारखीच, एका जागी बसलेली. माझा पुण्याचा जावई म्हणतो, "आई, तुम्ही 'मज' आणि 'तुज' म्हणता तेव्हा बखर वाचल्यासारखं वाटतं." मी म्हणते, वाच बाबा, फुकट आहे.

तर मद्रासहून मी परतले. त्या किरणांना आमच्याकडे लोक 'करंट' म्हणत. "पोरीला करंट दिला" हे वाक्य गल्लीत अशा रीतीनं फिरलं, की मी म्हणजे विजेचा खांबच. पोरं पाठीमागून येऊन मला एक बोट लावायची आणि किंचाळत पळायची. मोठी माणसं बोट लावत नसत, एवढाच फरक. हळदीकुंकवाला आईला बोलावणं यायचं, मला नाही. शेजारच्या मामी (आमच्याकडे ओळखीच्या प्रत्येक मोठ्या बाईला मामी म्हणतात, पुरुषाला मामा) आमच्या ओट्याच्या पायऱ्यांखाली उभ्या राहून चौकशी करायच्या आणि पदर सावरत निघायच्या. घरातसुद्धा माझा कॉफीचा पितळी टंबलर खिडकीत वेगळा ठेवलेला असे. आईनं तो रोज चिंचेनं घासून इतका लखलखीत ठेवला होता, की त्यात माझं तोंड दिसायचं, आणि मानेवरचा काळा पडलेला चट्टाही.

रोगाचं नाव घरात कुणी घेत नसे. तमिळमध्ये त्याला 'पुट्रु' म्हणतात, म्हणजे वारूळ. आत आत वाढत जाणारं वारूळ. आमच्याकडे त्याला नुसतं 'ते' म्हणायचे. "ते बरं झालं." "ते आता नाही." मला सांगितलं होतं की मानेत गाठ होती, जाळली. मला सगळं ठाऊक होतं. मद्रासच्या दवाखान्यात इतके आठवडे काढल्यावर भिंतीलाही कळतं. पण आईला वाटे मला माहीत नाही, आणि तिला तसं वाटतंय म्हणून मीही माहीत नसल्यासारखी वागे. आमचं घर म्हणजे त्या वर्षी नाटक कंपनी झालं होतं, आणि प्रेक्षक कुणीच नव्हता.

मला शिक्षिका व्हायचं होतं. तंजावरला मुलींना मास्तरकी शिकवण्याची शाळा होती. पुढच्या वर्गात जागा हवी असेल तर दिवाळीच्या आत स्वतः जाऊन नाव द्यायचं. माझे वडील, अप्पा, कुंभकोणाच्या रेल्वे स्टेशनावर तिकिटाच्या खिडकीत बसायचे. सगळ्या जगाला तिकिटं देणारा माणूस, पण मला म्हणाला, "तिथल्या मुली तुझ्या पंगतीला बसल्या नाहीत तर? उद्या तुझ्या वर्गात कुणी पोर पाठवलं नाही तर? ते मज बघवायचं नाही." मी रडले, भांडले, जेवण टाकलं. रात्री भूक लागून परत जेवले. शेवटी अप्पा म्हणाले, "हे बघ. ज्या दिवशी या गल्लीतल्या बायका तुझ्या हातचं खातील, त्या दिवशी मी माझ्या खिडकीतून तुज तंजावरचं तिकीट देईन."

त्यांना वाटलं असावं, विषय मिटला. मलाही तसंच वाटलं.

दर बुधवारी मला गावातल्या डॉक्टरांकडे मान दाखवायला जावं लागे. आई आणि अत्या बरोबर. एका बुधवारी आम्ही गेलो तर पडवीतल्या बाकावर माझ्याच वयाची एक मुलगी बसलेली. परकर, वर दावणी म्हणजे अर्धी साडी, जाड वेणी, कपाळावर श्रीचूर्णाची उभी लाल रेघ. शेजारी भिंतीला कुबडी टेकवलेली, आणि परकराच्या एका बाजूला पाऊल दिसत नव्हतं. कंपाउंडरशी तमिळमध्ये हुज्जत घालत होती. आईनं आणि अत्यानं एका नजरेत ठरवून टाकलं: तमिळ वैष्णवाची मुलगी. आपलं बोलणं हिला कळायचं नाही.

मी आत गेले, त्या दोघी बाकावर बोलत राहिल्या. डॉक्टरांनी मान दाबली, जीभ बघितली, 'हं' म्हणाले. बाहेर येते तर आई औषधासाठी कंपाउंडरकडे वळली आणि अत्या देवाचा अंगारा आणायला समोरच्या देवळात. मी बाकावर टेकले. ती मुलगी माझ्याकडे न बघता, चक्क आमच्या बखरीच्या मराठीत म्हणाली,

"तुज काय झालंय ते तुज ठाऊक आहे की?"

मी दचकून बाकावरून घसरायचीच बाकी होते.

"तुझी अत्या म्हणत होती, लग्नाआधी कुणाला कळता कामा नये. तुझी आई म्हणत होती, पोरीला तर मुळीच कळता कामा नये. आणि दोघी मिळून इतक्या मोठ्यानं म्हणत होत्या, की मज सगळं कळलं. आमचंही घर मराठी आहे. फक्त आम्ही पेरुमाळवाले, विष्णूचे, कपाळावरून कुणाला कळत नाही."

मी हळूच म्हटलं, "मज ठाऊक आहे."

"मग नाव घे की."

मी इकडेतिकडे बघितलं. आई पाठमोरी होती. मी ते नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्यानं नव्हे, पण स्वतःच्या तोंडानं. काही झालं नाही. छत कोसळलं नाही. समोर कंपाउंडर गोळ्यांची पुडी बांधत होता, तो बांधतच राहिला.

"बघ," ती म्हणाली. "माझंही तेच. गुडघ्यात. पाय काढला." हे ती अशा आवाजात म्हणाली, की जणू दाढ काढली.

ती तिरुनीलक्कुडी गावची. औषधासाठी कुंभकोणात मामाकडे राहत होती. त्या दिवसापासून बुधवार हा माझा सण झाला. दवाखान्यातून सुटलो की आई आणि अत्या घरी वळायच्या आणि आम्ही दोघी कावेरीच्या घाटाकडे जायचो. ती कुबडीवर इतकी झपझप चालायची, की दोन पायांची मी धापा टाकत मागून यायचे. लोक बघायचे. ती बघणाऱ्याकडे उलट बघायची, तो नजर वळवेपर्यंत. तमिळ मुली मैत्रिणीला 'डी' म्हणतात, ती मला तेच म्हणायची.

"तू अंग चोरून का चालतेस डी? करंट सांडेल म्हणून?"

"लोक बघतात."

"माझ्याकडे बघतात. तुझ्याकडे बघायला आहे काय? पदर गळ्याशी इतका आवळतेस, की तुज ओलीस धरून नेल्यासारखं दिसतं."

घाटाच्या पायरीवर बसून आम्ही सगळं बोलायचो. मद्रासला किरणांच्या खोलीत एकटं ठेवून सगळे बाहेर जातात तेव्हा किती भीती वाटते, हे मी आईला कधी सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं. पाय नसतानाही त्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटते, हे तिनं मला सांगितलं. मी विचारलं, मग काय करतेस? म्हणाली, "दुसऱ्या पायाचा अंगठा खाजवते. फसतो बिचारा कधीकधी."

एकदा तिनं मला सरळ विचारलं, "मरायला भितीस की?"

"भिते."

"मीही." मग ती म्हणाली, "चल, कॉफी पिऊ."

घरी हे कुणाशी बोलता आलं नसतं. आई रडली असती, अप्पा उठून गेले असते, अत्यानं नवस बोलला असता. तिच्याशी बोललं की भीती जायची नाही, पण त्या भीतीचा आकार कळायचा. मला अप्पांची अट तिनंच बोलायला लावली. ऐकून तिचे डोळे चमकले. "मामा म्हणालाय, जोडीला कोणी असेल तर मजही तंजावरला पाठवतो. म्हणजे तुज तिकीट मिळालं तर मज मिळालं. नवरात्र येतंय. कोलू मांडतेस की नाही?"

नवरात्रात आमच्याकडे घरोघर कोलू मांडतात. पायऱ्या-पायऱ्यांची उतरंड, वर पांढरं कापड, त्यावर देवादिकांच्या आणि माणसांच्या मातीच्या बाहुल्या. संध्याकाळी बायका एकमेकींकडे कोलू बघायला जातात, गाणं म्हणतात, आणि कुंकू व सुंडल घेऊन निघतात. सुंडल म्हणजे शिजवलेल्या हरभऱ्यांना फोडणी आणि वर ओलं खोबरं. कोलू बघून रिकाम्या हातानं जाणं म्हणजे घरच्या देवीचा अपमान. आधीच्या वर्षी मी मद्रासला होते म्हणून आमचा कोलू मांडलाच नव्हता, आणि या वर्षी आई म्हणत होती, दोन पायऱ्या मांडू, दिवा लावू, कोण येणार आहे? माझी मैत्रीण आईला म्हणाली, "मामी, सगळ्या पायऱ्या मांडायच्या. मी येते."

अमावास्येला ती आली. ट्रंक उघडली. अप्पांच्या जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, चिंध्यांत गुंडाळलेल्या बाहुल्या एकेक काढत होतो. माझ्या हातांचं कौशल्य घरात प्रसिद्धच. डोक्यावर मडकं घेतलेली एक गवळण होती, आईच्या माहेरची. ती माझ्या हातून निसटली. मडकं शाबूत, डोकं शाबूत, एक पाय गुडघ्यापासून तुटून ट्रंकेखाली गेला.

आई मटकन खाली बसली. आमच्यात मोडकी बाहुली कोलूत ठेवत नाहीत. अशुभ. ती कावेरीत सोडायची. आई पुटपुटली, "आधीच वर्ष असं, त्यात हे. नेऊन सोड नदीत."

माझ्या मैत्रिणीनं ती गवळण उचलली, फुंकर घालून धूळ उडवली आणि शांतपणे म्हणाली, "मग मजही सोडा मामी, नदीत."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग आई उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि मला वाटलं आता रडायला गेली. ती हातात खराट्याचा एक हीर आणि वाटीत भाताची पेज घेऊन परत आली. "कुबडी केवढी हवी?" तिनं विचारलं.

आम्ही तिघींनी मिळून त्या गवळणीला हिराची कुबडी केली, वर कापसाची उशी बांधली. मैत्रिणीनं तिला सर्वांत खालच्या पायरीवर, बरोबर मधोमध उभं केलं. शेजारी आम्ही आणखी एक देखावा मांडला: खाटेवर पडलेली बाहुली, तिच्या मानेवर वाकलेलं यंत्र. यंत्र म्हणून आमचा पितळी कॉफी फिल्टर उलटा ठेवला होता. सकाळी अप्पांना कॉफी मिळाली नाही, ते म्हणाले, "ठीक आहे, मद्रासचं यंत्र एवढं महाग असतं हे ठाऊक नव्हतं."

पहिल्या दिवशी आम्ही दोघी कुंकवाचा करंडा घेऊन घरोघर बोलावणं करायला निघालो. नवरात्रात दारी आलेल्या कुंकवाला कुणी नाही म्हणत नाही. मामी पुढे यायच्या, मान पुढे करायच्या आणि बाकीचं अंग मागे ठेवायच्या. मला वाटतं ती गल्ली त्या दिवशी योगासनं शिकली. सगळ्या म्हणाल्या, "येते हं, येते." संध्याकाळी दिवा लावून आम्ही वाट बघत बसलो. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. केलेलं सुंडल आम्ही खाल्लं, अप्पांनी खाल्लं, अत्यानं खाल्लं, उरलेलं गाईला घातलं. गाय पण तिसऱ्या दिवशी तोंड फिरवू लागली.

मी म्हटलं, "झालं. गेलं तंजावर."

मैत्रीण म्हणाली, "शुक्रवार बाकी आहे. देवीचा वार."

शुक्रवारी सकाळी फुलवाली हार द्यायला आली. ती उंबऱ्यातून आत डोकावली, गवळण बघितली, तोंडावर हात ठेवला आणि हारांची टोपली घेऊन पुढच्या दारी गेली. बाकी काही करावंच लागलं नाही. दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं: त्या घरात कोलूत मोडकी बाहुली ठेवलीये! अशुभ! शिवाय कॉफीचा फिल्टर! भीती मोठी, पण उत्सुकता त्याहून मोठी. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बायकांचा थवा उभा राहिला. सगळ्यांच्या पुढे कोपऱ्यावरच्या घरातल्या मोठ्या मामी. नऊवारी, नाकात दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या चमक्या. त्यांच्या होकाराशिवाय आमच्या गल्लीत बारसंसुद्धा होत नसे.

मामींनी दारातून मान लांब करून बघितलं. कोलू आतल्या दालनात होता, दारातून फक्त वरचे देव दिसत.

"इथून नाही दिसायची मामी," माझी मैत्रीण गोड आवाजात म्हणाली. "ती खालच्या पायरीवर आहे. आत या."

मोठ्या मामी आत आल्या. त्यांच्यामागून सगळ्या.

मामी गवळणीसमोर उभ्या राहिल्या. "मोडकी बाहुली कोलूत ठेवतात होय? देवीला चालेल का हे?"

मैत्रीण कुबडीवर टेकून उभी होती. म्हणाली, "देवीनं मला ठेवलंय मामी अजून. मग चालत असेल तिला."

आईचा हात माझ्या दंडाला घट्ट. मोठ्या मामींनी गवळणीकडे बघितलं, मग माझ्या मैत्रिणीकडे, डोक्यापासून कुबडीच्या टोकापर्यंत. मग त्या खाली सतरंजीवर बसल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "गाणं कोण म्हणतंय? गाण्याशिवाय कोलू कसला?" आणि माझ्याकडे वळल्या. "तूच म्हण गं. किती गोड गळा होता तुझा!"

सगळ्या बायकांनी उसासा सोडला. मैत्रीण माझ्या कानाशी पुटपुटली, "आज तुझी कीर्ती बुडाली डी."

मी गायले. काय सांगू! घोगरेपणामुळे निदान सूर चुकलेला ओळखू येणार नाही, अशी माझी आशा होती, ती पहिल्याच ओळीत मावळली. दुसऱ्या ओळीला मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी बघितलं, तर ती आई होती. मी मद्रासला गेल्यापासून आई हसली नव्हती. ती पदर तोंडात कोंबून हसत होती, आणि मग सगळ्याच हसायला लागल्या.

मी थांबले. पदर गळ्याशी आवळला होता, तो सुटला होता, कधी ते कळलं नाही. चट्टा सगळ्यांना दिसत होता. मी म्हटलं, "मामी, खरं सांगते, माझा गळा आधीपासून असाच आहे."

"छे छे," मोठ्या मामी ठामपणे म्हणाल्या. "आधी गोड होता. मी स्वतः ऐकलाय."

त्यांनी तो कधी ऐकला, तो गळा कुणाचा होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मग सुंडल. आई परात घ्यायला पुढे झाली. मैत्रिणीनं कुबडी आडवी घातली आणि मला नजरेनं खुणावलं. मी परात घेतली. मागच्या दारात अप्पा उभे होते, नुकतेच ड्यूटीवरून आलेले, काळा कोट अंगातच.

मी मोठ्या मामींसमोर वाकले आणि मूठभर सुंडल पुढे केलं. मामींचा हात वर आला आणि मध्येच थांबला. त्यांची नजर माझ्या मानेवर होती.

"करंट लागायचा नाही ना गं?" त्यांनी विचारलं. चेष्टेत नव्हे. खरोखर.

मी काही बोलायच्या आत मैत्रीण म्हणाली, "लागलाच तर हिऱ्यांना आणखी झळाळी येईल, मामी."

मामींनी तिच्याकडे रोखून बघितलं. ओठाचा कोपरा किंचित हलला. मग त्यांनी ओंजळ पुढे केली, सुंडल घेतलं, तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं. अख्खी गल्ली त्यांच्या जबड्याकडे बघत होती.

"मीठ कमी आहे," मामी म्हणाल्या.

त्यानंतर ओंजळीच ओंजळी पुढे आल्या. परात रिकामी झाली. कुणीतरी आणखी मागितलं, नव्हतं. इतके दिवस गाईला घालत होतो आणि आज माणसांना पुरलं नाही. मी मागच्या दाराकडे बघितलं. अप्पा तिथे नव्हते. नंतर अत्यानं सांगितलं, ते विहिरीवर जाऊन बराच वेळ तोंड धूत होते.

ती गवळण माझ्या मुलीच्या घरी दर नवरात्रात खालच्या पायरीवर मधोमध उभी असते. कुबडी दोनदा बदलली. जावई म्हणाला, चिकटवून नीट करून आणू का? मी म्हटलं, तिची मैत्रीण अजून तिरुनीलक्कुडीच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे, तिला विचार आधी.

त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी सकाळी आम्ही दोघी स्टेशनावर गेलो. खिडकीसमोर रांग होती, आम्ही रांगेत उभ्या राहिलो. ओळखीचा फायदा घ्यायचा नाही, हे मैत्रिणीनं ठरवलं होतं, आणि मला तर खिडकीपर्यंतचा तो रस्ता जितका लांब असेल तितका हवा होता. आमची पाळी आली. अप्पांनी चष्म्यावरून बघितलं, जणू आम्ही कोण हे त्यांना ठाऊकच नाही.

"कुठे?"

"तंजावर," मी म्हटलं. "दोन."

"जाण्याचंच की परतीचंही?"

मैत्रीण माझ्या खांद्यावरून पुढे झाली. "परतीचंही द्या, मामा. बुधवारी डॉक्टर वाट बघतात."

अप्पांनी पुठ्ठ्याची तिकिटं काढली, तारखेच्या यंत्रात घातली. खट्. खट्. सगळ्यांना ते तिकिटं फळीवरून सरकवून देत. आमची मात्र त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली, माझी बोटं वर मिटवली आणि क्षणभर धरून ठेवली.

"चला, पुढचे," अप्पा ओरडले. आवाज फाटला होता. आमच्या घराण्यात बेसूर मी एकटीच नव्हते.